मधल्या काळाचा कागद

पाटोदा,
१० मे १९९९

प्रिय शिवांजली,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी केली आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच राग आला तर पत्र खाली ठेव, वह्या तपास, भाकरी टाक, आणि मग पुन्हा उचल. मी काही रडूनभेकून लिहायला बसलेली नाही. तुझी समजूत घालायची वेळ केव्हाच गेली, हे मलाही कळतं.

आधी इकडची खबर. दुकानावरची तुझ्या आप्पांच्या नावाची पाटी दिवाळीत उतरवली. पितळी पराती, तांब्याचे हंडे, घागरी, सगळा माल मोडीत गेला. आता तिथं काचेचा दरवाजा आहे आणि आत रंगीत टीव्ही, फ्रिज, कूलर. लग्नात लेकीला हंडा-कळशी कुणी देत नाही, मिक्सर देतात, असं अमरनाथ म्हणतो, आणि ते खरंही आहे. या आठवड्यात क्रिकेटचा विश्वचषक लागणार म्हणून आसपासच्या खेड्यांतून लोक ट्रॅक्टर घेऊन टीव्ही न्यायला येत आहेत. गुरुपाद भावजी अजून रोज येतात. पूर्वी आप्पांच्या शेजारी गादीवर बसायचे, आता फिरत्या खुर्चीत बसतात. तुझी वहिनी बरी आहे. सकाळचा चहा, दुपारचं ताट, सगळं वेळेवर माझ्या पुढ्यात आणून ठेवते. तेवढ्यावर तिचं काम संपतं आणि माझंही. अमरनाथ गेले अकरा दिवस माझ्याशी बोललेला नाही. त्याचं कारण पुढं येईल.

तुझी खबर मला कामाला येणाऱ्या कडूबाईकडून कळते. तिची बहीण अंबाजोगाईला तुमच्याच गल्लीत धुण्याभांड्याला जाते. सातवीचा वर्ग तुझ्याकडं आला, असं तिनं सांगितलं. मला बरं वाटलं असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल. वाटलं मात्र.

तुझ्या आजोबांचं दुखणं तुला आठवत असेल. दुष्काळानंतरच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले ते अडीच वर्षं उठले नाहीत. पाठीला जखमा झाल्या होत्या. आप्पा स्वतः त्या धुवायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी आजोबा कुणाला ओळखेनासे झाले, नुसते कण्हायचे. ते कण्हणं पुढं दुकानात गिऱ्हाइकांना ऐकू जाई, म्हणून आप्पा हंडे मुद्दाम आदळून दाखवायचे. लोकांना वाटायचं, माल किती खणखणीत आहे. घरात त्यावर कुणी कधी काही बोललं नाही. पण आजोबांना मूठमाती देऊन आलो त्या दिवसापासून आप्पांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. पुढं तुझं लग्न झाल्यावर एका महाशिवरात्रीला तू आली होतीस तेव्हा ती त्यांनी तुला सांगितली. 'पोरी, मला असं ठेवू नका. हातात इष्टलिंग धरून पूजा करता येते तवर मी हाय. ते गेलं की नळ्याबिळ्या लावू नका, घरी आणा अन् तोंडात पाणी घाला.' हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं, औरंगाबादच्या त्या दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत.

त्या दोन दिवसांचं मी पुन्हा लिहिते आहे, कारण तू ते तुझ्या बाजूनं पाहिलंस. माझ्या बाजूनं कसं होतं ते तुला माहीत नाही. मार्गशीर्षातली सकाळ. आप्पा वरच्या फळीवरचा हंडा काढायला स्टुलावर चढले आणि हंड्यासकट खाली आले. मी आवाज ऐकला, पण आमच्याकडं भांडी पडायचीच, म्हणून लगेच उठले नाही. गेले तर तोंड वाकडं झालेलं आणि उजवा पाय आपोआप हलत होता. जीपमध्ये घालून बीडला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि औरंगाबादला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू जावईबापूंना घेऊन पोचलीस. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. डोक्यात रक्तस्राव झाला आहे, कवटी उघडावी लागेल, असं ते म्हणाले. जीव बहुतेक वाचेल. माणूस परत येईल का, ते सांगता येत नाही, बहुधा नाही. मग त्यांनी विचारलं, सही कोण करणार?

गुरुपाद भावजींनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मुखत्यारपत्र काढलं. आठवतं? तेलगावच्या जागेचा दावा चालला होता, खेपा घालणं आप्पांना होत नव्हतं, म्हणून त्यांनी ते भावजींच्या नावे करून दिलं होतं. भाऊ मरणाच्या दारात असताना त्या माणसाला तो कागद बरोबर घ्यायचं सुचलं. 'डॉक्टरसाहेब, आमच्या आण्णांचा मुखत्यार मी हाय. सही मी करतो.' डॉक्टरांनी त्या कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला. तेव्हा तू म्हणालीस, थांबा. आणि आप्पा तुला जे बोलले होते ते तू सांगितलंस. अमरनाथचा आवाज चढला. 'तुला कावून सांगितलं? मी लेक न्हाई का त्यांचा? मला का न्हाई सांगितलं?' भावजी म्हणाले, 'लेकीला बापाचं मरण पायजे. आता लेकींच्या वाट्याचा कायदा झालाय न्हवं, म्हणून ही घाई.' जावईबापू तिथंच उभे होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं. तू माझ्याकडं वळून विचारलंस, 'आई, तू सांग. आप्पा तुला कधी काही बोलले होते का?'

मी म्हटलं, 'मला तसलं कधी बोलले न्हाईत.' आणि सही केली.

ऑपरेशन झालं. तू तिसऱ्या दिवशी एसटीनं निघून गेलीस. पुढं गावात जे बोललं गेलं ते तुझ्यापर्यंत पोचलंच असणार. लेकीनं बापाच्या नावावर खोटं रचलं. वाट्यासाठी बापाला मारायला निघाली. तुझ्या सासूबाईंच्या कानावर ते कुणी घातलं ते मला माहीत आहे, आणि त्या तुला वर्षभर काय काय बोलत होत्या तेही कडूबाईनं सांगितलं. मी कुणाचं तोंड धरलं नाही. एकदाही नाही.

आता त्या चौदा महिन्यांचं. तू दोनदा येऊन बाहेरूनच गेलीस, म्हणून तुला सगळं ठाऊक नसेल. दुकानामागच्या खोलीत, आजोबा जिथं होते तिथंच, आप्पांची खाट टाकली. नाकात नळी. त्या नळीतून पातळ पेज, ताक, औषधं. दर दोन तासांनी कूस बदलायची. कडूबाई डोक्याकडून आणि मी पायाकडून. अमरनाथनं बीडहून हवेची गादी आणली, डॉक्टर आणले, पुण्याहून कसली इंजेक्शनं मागवली. त्याला फार दोष देऊ नकोस. त्याला बाप पाहिजे होता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो आत यायचा आणि आप्पांच्या कानाशी मोठ्यानं म्हणायचा, 'आप्पा, ओळखलं का?' मग उत्तराची वाट न बघता शटर वर करायला जायचा. पुढं पुढं तो दारातूनच विचारू लागला.

शिवरात्रीला जंगमस्वामी आले. पूजा झाली, विभूती लावली, आणि त्यांनी आप्पांच्या डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं. बोटं मिटली नाहीत. स्वामींनी ती मिटून धरली, सोडली, आणि लिंग घरंगळून खाटेखाली गेलं. एवढा वयस्क माणूस, गुडघ्यांवर बसून खाटेखाली हात घालून शोधत होता. त्यांनी ते पुसून आप्पांच्या गळ्यात परत बांधलं आणि जाताना मला म्हणाले, 'बाई, ह्यांना कशाला अडवून ठिवलंय?' मी म्हटलं, आमच्या हातात काय आहे. त्यानंतर पूजेला म्हणून कुणी त्यांच्या हातात लिंग दिलं नाही.

श्रावणात टीव्ही-फ्रिजच्या कंपनीची माणसं एजन्सी देण्याआधी जागा बघायला आली. जागा आप्पांच्या नावावर, तेव्हा मालकाची संमती पाहिजे होती. भावजी शाईचा डबा घेऊन आत आले. 'वहिनी, हात धरा जरा.' मी मनगट धरलं. त्यांनी अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला, साक्षीला दोन सह्या झाल्या. मी नंतर साबणानं अंगठा धुतला, पण नखाच्या कडेला निळं राहिलं ते नख वाढून कापलं जाईपर्यंत गेलं नाही. रोज पुसताना दिसायचं.

संक्रांतीला तू आलीस तो दिवसही सांगून टाकते. अमरनाथ तुला दुकानाच्या पायरीवरच म्हणाला, 'बघायला आलीस का, गेले का न्हाई ते?' मी आत भाकरी थापत होते. मला ऐकू आलं. तू काही बोलली नाहीस तेही ऐकू आलं. मी थापत राहिले. ती भाकरी नीट फुगली होती. पुढच्याच महिन्यात आप्पा लिंगैक्य झाले. तू आलीस, मातीला बसलीस, आणि माझ्या हातचं पाणी न घेता गेलीस.

पण शिवांजली, एक तुलाही ऐकावं लागेल. तू बरोबर होतीस, आणि तू निघून गेलीस. बरोबर असणाऱ्या माणसाला निघून जाता येतं. पाठीच्या जखमेत बोटभर खोल भोक पडलं तेव्हा ते भरायला मी होते. तुझ्या रागाला मी नाव ठेवत नाही, पण त्या चौदा महिन्यांत एक रात्र जरी मागच्या दारानं येऊन त्यांच्याजवळ बसली असतीस तर मी तुला अडवलं नसतं. मी दार उघडं ठेवत होते. तुला ते कसं कळणार होतं, हेही खरंच.

तर आता कागदाचं. मागच्या महिन्यात मी एकटीच एसटीनं बीडला गेले. घरी सांगितलं, डोळे दाखवायला जाते. गेले कोर्टाजवळ, बद्रीनाथ वकिलांकडं. तेलगावचा दावा त्यांनीच चालवला होता, आप्पांना मानणारा माणूस. त्यांना मी विचारलं, भावजींच्या त्या मुखत्यारपत्रावर दवाखान्यातली सही चालली असती का? ते हसले. 'वहिनी, ते जागेसाठी हुतं, अंगासाठी न्हाई. अन् ज्या घडीला राजेश्वरआण्णांची शुद्ध गेली त्या घडीला ते मुखत्यारपत्रबी संपलं. दिलेल्याला भान असंल तवरच घेतलेल्याला हक्क.' मग श्रावणातल्या अंगठ्याचं सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. असा अंगठा कोर्टात टिकत नाही, उलट घेणारेच अडकतात, असं म्हणाले. आणि हात धरणारी मी होते हे ऐकल्यावर त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

मी म्हटलं, मग माणसानं आधीच करून ठेवायचं तरी काय? मृत्युपत्र? ते म्हणाले, 'मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. मुखत्यारपत्र माणूस भानावर हाय तवर बोलतं. माणूस हाय पण त्याला बोलता येत न्हाई, ह्या मधल्या काळासाठी आपल्या कायद्यात धड कागद न्हाई. कोर्टात अर्ज करावा लागतो, अन् तारखा पडंपर्यंत काय ते हून जातं.' मी विचारलं, मग लोक काय करतात? 'काय करणार? दवाखान्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.' मग त्यांनी विचारलं, 'आण्णांच्या वेळी डॉक्टरनं फॉर्म कुणाम्होरं ठिवला हुता?' मी म्हटलं, माझ्यापुढं. 'मंग तुमाला इचारलं हुतं की, वहिनी. अजून काय पायजे हुतं?'

पाटोद्याला परत येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला चार दिवस लागले.

आप्पा मलाही बोलले होते. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा आजोबांच्या वर्षश्राद्धाला. दुसऱ्यांदा कपिलधारच्या यात्रेत, पडायच्या तीन आठवडे आधी. दर्शन झालं होतं, आम्ही पायऱ्यांवर बसून चुरमुरे खात होतो. ते म्हणाले, 'गंगे, बाबांसारखी येळ माझ्यावर आली तर पोरगं ऐकायचं न्हाई. गुरुपाद तर न्हाईच. तू न्हाई म्हण.' मी म्हटलं, 'मला कावून सांगता? ह्या घरात मला कोण इचारतंय?' ते हसले आणि म्हणाले, 'तवा इचारतील.' म्हणजे तू दवाखान्यात जे सांगितलंस त्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक होता. तू खोटं बोलली नव्हतीस. मी बोलले होते.

का, म्हणून विचारशील. भीती होती, विधवा होण्याची. ज्यांच्या घरात उरलेलं आयुष्य काढायचं त्या लेकाची आणि दिराची. पण भीतीवर ढकलून मोकळी झाले तर तेही खोटंच होईल. मला राग आला होता. चौतीस वर्षांत त्या माणसानं मला एकदा विचारलं नाही की गंगे, तुला काय वाटतं. तुझं लग्न ठरलं ते मला सुपारी फुटल्यावर कळलं. माझ्या माहेरच्या पाटल्या कधी मोडल्या ते कपाट उघडल्यावर कळलं. आणि मरण तेवढं माझ्या हातात देऊन गेले. तू न्हाई म्हण. सगळे माझ्याकडं बघत होते, तो फॉर्म पुढ्यात होता, आणि माझ्या मनात आलं, आता तुमचं तुम्ही बघा. ऑपरेशनला हो म्हणणारे सगळे त्यांना वाचवायला बघत होते. मी एकटी त्यांच्यावर सूड घेत होते.

घरी आणल्यावर पहिला महिनाभर मी त्यांच्या उशाशी बसून सगळं बोलून घेतलं. सुपारीचं, पाटल्यांचं, आणखीही जे लिहिण्यासारखं नाही ते. त्यांना उठून जाता येत नव्हतं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायचं. डॉक्टर म्हणाले, पापणी मिटत नाही म्हणून डोळा गळतो, त्यांना काही कळत नाही. मी ते मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. महिन्यानं माझ्याकडचं बोलणं संपलं आणि उरले तेरा महिने. त्या तेरा महिन्यांत मी रोज त्यांचं मरण मागितलं आणि रोज वेळेवर नळीतून पेज घातली.

हे सगळं मी तुझ्याआधी अमरनाथला आणि भावजींना सांगितलं, अकरा दिवसांपूर्वी, दुकानात, भर दुपारी, कारण घरात बोलावलं असतं तर भावजी आले नसते. भावजी म्हणाले, 'वहिनी, गेलेला माणूस गेला. आता हे उकरून काय उपेग? लोकांच्या तोंडी कशाला विषय?' मी म्हटलं, 'लोकांच्या तोंडी माझ्या लेकीचं नाव हाय अडीच वरसं. ते तुमाला चाललं.' अमरनाथ 'म्हंजी चौदा महिने आपण...' एवढंच म्हणाला. त्यानं गिऱ्हाइकांना बाहेर काढून शटर ओढलं. तेव्हापासून तो माझ्यासमोर येत नाही. मी त्याला दोन्ही गोष्टी दिल्या, बापाचे ते चौदा महिने आणि आता हे. त्यानं कुठल्या तोंडानं बोलावं?

आता हे पत्र का लिहिलं ते. गुढीपाडव्यानंतर चार दिवसांनी चूल पेटवताना माझा डावा हात खाली पडला. जीभ जड झाली, ओठ ओढला गेला. दोन दिवसांत सुधारलं, पण बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा इशारा आहे, पुढचा झटका मोठा येऊ शकतो. म्हणून तर वकिलांकडं गेले होते. त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या हातानं कागद लिहिला आहे, तारीख घालून, दोन साक्षीदारांसमोर. त्यातले एक स्वतः डॉक्टर, म्हणजे मी लिहिताना भानावर होते असं ते सांगू शकतील. कोर्टात त्याचं वजन किती ते वकिलांनाही सांगता येत नाही. पण डॉक्टरच्या टेबलावर निदान काहीतरी राहील. त्यात लिहिलं आहे की बरं होण्यासारखं असेल तर सगळे उपचार करा, मला मरायची हौस नाही. पण शुद्ध परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर कवटी उघडायची नाही, नळी नाही, मशीन नाही, दुखणं कमी करायचं औषध तेवढं द्यायचं. कोऱ्या कागदाला किंवा कुठल्याही कागदाला माझा अंगठा लावायचा नाही. आणि माझ्या वतीनं बोलायचं ते माझ्या मुलीनं, शिवांजलीनं, कारण बापाच्या वेळी या घरात खरं बोललेली ती एकटी होती. हे वाक्यही तसंच घातलं आहे, साक्षीदारांनी वाचून सही केली आहे. एक प्रत या पाकिटात आहे. ती तुझ्या सासूबाईंना दाखव, गल्लीत दाखव, शाळेत दाखव, तुझी मर्जी. तुला हे काम नको असेल तर तो तुझा हक्क आहे, मी तुला न विचारता नाव घातलं आहे, जसं आमच्याकडं करायची पद्धत आहे. तू नाही म्हणालीस तरी कागदातलं तुझ्याबद्दलचं ते वाक्य मी काढणार नाही. दुसरी प्रत बीडच्या डॉक्टरांकडं आहे. वेळ आली तर कुणाला फोन करायचा म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तुमच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर दिला, तू कधीतरी अमरनाथच्या डायरीत लिहून ठेवला होतास तो. तो बदलला असेल तर नवा नंबर एका कार्डावर लिहून टाक. नुसता नंबर लिहिलास तरी चालेल.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
आई
(गंगासागर)